कालचं पाणी

चंद्रावरच्या वसाहतीत जलवाहिन्यांचं गणित यंत्र करत असे, आणि ते चुकत नसे. रोज सकाळी शेवटच्या गल्लीत दाब पडतो, म्हणजे पाइप फुटलाय, असं त्याचं ठाम मत होतं. आज गळती सापडली नाही, तर ते गल्लीचं पाणीच तोडणार होतं.

अभियंता निरंजन साठ्ये पाइप तपासत कुमुदताई घैसासांच्या मोरीपर्यंत पोचला. ताई भरलेला हंडा ओतत होत्या.

"अहो, हे काय?"

"कालचं आहे. शिळं पाणी कोण पितं? गल्लीत सगळेच सकाळी ओततात नि नळाचं ताजं भरतात."

"ताई, मोरीत गेलेलंच गाळून परत नळाला येतं. अकरा वर्षं तेच पाणी फिरतंय."

ताईंचा हात थांबला. "म्हणजे नळातलंसुद्धा अकरा वर्षांचं शिळं?"

ही बातमी पसरली तर दुपारपर्यंत वसाहतीची टाकी रिकामी होईल, हे निरंजनला यंत्राशिवाय कळलं.

"छे हो! गाळलं की ताजंच होतं," तो घाईने म्हणाला. सकाळची ही ओतणी म्हणजे गळती नव्हे, हे यंत्राला शिकवून त्याने तेवढ्यापुरता दाबही वाढवून दिला.

घरी येऊन त्याने माठातून पेला भरला. ओठाला लावला, तेव्हा हे पाणी कालचं आहे हे आठवलं. तो मुकाट्याने मोरीकडे वळला.