पट्ट्याचं नवं काज

मास्तर कापड बेतायच्या टेबलावर उताणे पडले होते, पाय भिंतीला लावून, आणि जांघेतला गोळा पट्ट्यावरूनच दोन्ही हातांनी आत ढकलत होते. गोळा जात नव्हता.

मास्तर म्हणजे शिंपी. त्यांची बायको याच दुकानात काजं-बटणं करायची. टेबलाभोवती पडदा ओढून ती शेजारीच उभी राहून बघत होती. बघवत नव्हतं, पण दुकान एवढंसं की दुसरीकडे बघायचं तर भिंतच.

अकरा वर्षांपूर्वी हा गोळा लिंबाएवढा होता. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. डॉक्टर त्याला हर्निया म्हणाले, मास्तर झोळ म्हणत. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, धडक्या कापडाला कोणी कात्री लावतं का? झोळ आला की चिमटा घ्यायचा. म्हणून त्यांनी सुटाच्या उरलेल्या तुकड्यांचा पट्टा शिवला, आत कापसाची गादी, बाजूला बटणं. पँटीला डावीकडे दोन चुण्या जास्त. गोळा लिंबाचा वांग्याएवढा झाला, चुण्या दोनाच्या चार झाल्या, आणि गिऱ्हाइकं म्हणू लागली की मास्तरांनी अंग धरलं.

पट्टा धुवायचं खातं अर्थातच बायकोकडे. घामानं पिवळा पडलेला, कातडी सोलवटलेल्या जागी चिकट झालेला तो पट्टा ती कात्रीच्या टोकानं उचलायची आणि तोंड फिरवून बादलीत सोडायची. ती कात्री मग तिने कापडाला कधी लावली नाही. मास्तरांना वाटायचं, धार गेली असेल.

आज सकाळी आठला गोळा आत जाईना, तेव्हा मास्तरांनी हुकूम सोडला, पट्टा दोन इंच आवळ. बायकोने श्वास रोखून पट्ट्याला नवं काज पाडलं, सवयीनं कडही नीट गुंफली. आणि बाहेर आलेल्या गोळ्यावरच मास्तरांनी पट्टा करकचून बटणांनी आवळला.

दहाला बादलीत पहिली उलटी झाली, सकाळच्या चहाची. बाराला दुसरी, हिरवी. आत्ता, दोन वाजता, तिसरी झाली. ती मात्र तपकिरी होती, आणि वास असा की बायकोने आधी आपल्या चपलांचे तळ तपासले. चपला स्वच्छ होत्या.

तेवढ्यात समोरच्या छोट्या दवाखान्यातली नर्स गणवेश न्यायला आली. उंबऱ्यातच थबकली. गणवेशाचं काही न विचारता पडदा सारून आत गेली आणि तिने पट्टा सोडला. गोळा ताठ होता, जांभळा, गच्च फुगलेला, वरची कातडी तुकतुकीत. बायकोच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

मास्तरांना मात्र बरं वाटलं. म्हणाले, सिस्टरच्या हाताला सवय असते, एकदा तुम्ही दाबून बघा. नर्सने दोन्ही हात मागे घेतले. याला आता कुणी बोटही लावायचं नाही, ती म्हणाली. आतड्याचा वेढा पोटाच्या भिंतीतल्या भोकात अडकलाय, त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. खालून जायचं ते वरून येतंय.

बायकोने बादलीकडे पाहिलं. चपलांचं तिला आत्ता समजलं.

नर्सने मोठ्या इस्पितळाच्या गाडीला फोन केला. पाण्याचा घोटही द्यायचा नाही, असं बजावलं. मास्तर कण्हत कण्हत वाद घालत होते, वकिलांचा कोट संध्याकाळी द्यायचाय, कॉलर राहिलीय, उद्या येतो की. नर्सचं लक्ष पट्ट्यावर होतं.

"हे काज नवं आहे."

"मी केलं," बायको म्हणाली. "आज आठला."

नर्सने मनात तास मोजले असावेत. ती काजाकडेच बघत राहिली. आजवर कुणी बायकोच्या काजाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. बायकोला वाटलं, पट्टा उचलावा आणि दात लावून ते काज उसवावं. तोंडात त्याची चव आली आणि तिने बादली जवळ ओढली. मग त्यात काय आहे ते दिसलं, आणि लांब ढकलली.

मास्तरांचं कण्हणं थांबलं.

त्यांनी डोळे उघडले. कपाळाच्या आठ्या इस्त्री फिरवल्यासारख्या गेल्या होत्या. ते टेबलावर उठून बसले.

"थांबलं," ते म्हणाले. "बघ. उगाच बोभाटा केलात दोघींनी."

गाडी परत पाठवा, काळं रीळ इकडे दे, असं एका दमात सांगून झालं. बायकोचे डोळे भरून आले. वाससुद्धा जरा कमी झाल्यासारखा वाटला. आता हाताला धरून ऑपरेशनला न्यायचंच, उद्याच न्यायचं, असं ठरवून ती नर्सकडे बघून हसली.

नर्स हसली नाही. तिने मास्तरांचं मनगट धरलं होतं आणि नजर घड्याळावर होती. ते सोडून ती बायकोला दारापर्यंत घेऊन आली.

"वहिनी, चौकात जाऊन उभ्या राहा. गाडी दिसली की हात करा. पळत जा."

"अहो, पण दुखायचं थांबलंय त्यांचं."

"दुखत होतं तोवर आतडं जिवंत होतं," नर्स हळू आवाजात म्हणाली.

आत मास्तरांनी सुईत काळा दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला.