झोपलेला लॅपटॉप

"काकू, झाकण उघडू नका," शाकीरनं पुन्हा सांगितलं.

रंभाबाईनं हात मागं घेतला. "जित्ता हाय का बघत हुते," ती पुटपुटली. रिक्षातही तिचं तेच चाललं होतं. तिला त्यातलं काय कळणार, असं धोंडीरामला वाटलं.

लॅपटॉप त्यांच्या मुलीचा, वैजयंतीचा. काल सकाळी कॉलेजला म्हणून ती निघाली ती परतलीच नाही. मोबाईल घरीच ठेवला होता, आतलं सगळं पुसून. लॅपटॉपचं झाकण मात्र घाईत नुसतं मिटलेलं, कडेचा बारका दिवा लुकलुकतोय. रंभाबाईनं घर पालथं घातलं, पण चार्जर काही मिळाला नाही. तेव्हा दोघं सात रस्ता चौकात शाकीरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आली.

शाकीरनं समजावलं. मशीन झोपलंय, बंद नाही. पोरगी शेवटी कुणाशी बोलत होती, कुठं जायचं बघत होती, ते तिनं बाकी सगळीकडनं पुसलं असलं, तरी उघडं राहिलं असेल तर मेमरीत जसंच्या तसं असणार. पण ती मेमरी विजेवर जगते. बॅटरी संपली की पाटी कोरी. झाकण उघडलं की मशीन जागं होतं आणि उरलीसुरली बॅटरी खातं.

"मग आता?" धोंडीरामनं विचारलं.

"हायबरनेट चालू असेल तर वाचलो. बॅटरी संपत आली की मशीन आपणहून सगळं डिस्कवर उतरवून घेतं, मगच बंद होतं. पुढं कधीही चालू करा, जिथल्या तिथं."

दुकानातल्या एकाही चार्जरची पिन बसेना. शाकीरनं नव्या पेठेत चार्जरसाठी माणूस पाठवला.

पासवर्ड पुतण्याला, युवराजला ठाऊक होता. पण फोनवर तो सांगेना. मी आल्याबिगर उघडायचं न्हाय, म्हणाला. मंद्रूपहून तो पोरं घेऊन जीपनं निघाला होता. पोरीला नुसतं समजवायचं हाय, असं त्याचं म्हणणं. जीपमध्ये आणखी काय काय घेतलंय, ते धोंडीरामनं विचारलं नाही. विचारून तरी काय करणार होता? वैजयंतीचं लग्न धोंडीरामनंच ठरवलं होतं, शब्द त्यानंच दिला होता. आता गोष्ट त्याच्या हातात राहिली नव्हती. पोरगी सापडावी असं वाटायचं, आणि सापडली तर पुढं काय, या विचारानं सापडू नये असंही.

रंभाबाई पदर तोंडाला लावून दिव्याकडं बघत होती. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावी. धोंडीरामनंही हात जोडले.

दिवा विझला.

चार्जर आला तेव्हा शाकीरनं घाईनं तो जोडला, बटण दाबलं. मशीन पहिल्यापासून सुरू झालं. शाकीरनं मान हलवली. "हायबरनेट बंदच होतं, काका. आत काही राहिलं नाही."

धोंडीराम बाकावर बसून राहिला. मग युवराजला कळवलं. पलीकडनं शिवी आली, ती ऐकून घेतली. रिक्षा थांबवून तो बायकोला बोलवायला परत वळला.

रंभाबाई दुकानामागच्या बोळात होती. पाठ त्याच्याकडं, फोन कानाला.

"तू सांगितल्यागत दिवा इझला, बाळा. आता त्यास्नी कायबी गावायचं न्हाय. तू गाडीतनं खाली उतरू नगं. लांब जा."