तेरावं प्रमाणपत्र

बिश्केकच्या ऑफिसात बेगिमाय सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी खोटी डिजिटल प्रमाणपत्रं बनवत होती. बाळंतपणाला महिना बाकी होता आणि स्वारी खुशीत होती. तिनं बारा बनावट नावं दिली. यंत्रानं तेरा प्रमाणपत्रं काढली.

तेरावं ‘आयसुलू’च्या नावे होतं.

“हे तू घातलंस?” तिनं शेजारच्या तिलेकला विचारलं.

“मी कशाला, ताई? मी तर तळलेले बोरसोक खातोय!”

बेगिमाय हसली, पण तिनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मुलगी झाली तर हेच नाव, असं तिनं मनात धरलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तिनं ते प्रमाणपत्र पुसलं. ते परत आलं.

तिलेक वाकून वाचू लागला, “मुदत सुरू, आज तीन दहाला. संपणार... कोरंच आहे की! नशीबवान दिसतेय बाई!”

घड्याळात तीन दहा झाले, आणि बेगिमायला पहिली कळ आली.