दोन्ही पाय आणि चेंडू

बास्केटबॉलच्या फायनलमध्ये सर प्रशिक्षक होते, मी पंच. आठ सेकंद उरले; त्यांचा संघ एका गुणाने पुढे. विरोधी संघातल्या मुलीने ड्रिबल करत एक पाय मधल्या रेषेपलीकडे टाकला. वाट अडलेली पाहून ती चेंडूसह मागे फिरली. “बॅककोर्ट! रेषा ओलांडून चेंडू मागे नेला! शिट्टी वाजवा, मॅडम!” सर ओरडले. मी शिट्टी ओठांतच धरली. मुलीने वळसा घेऊन बास्केट केली, करंडक जिंकला. सर तणतणत आले. “मी असतो तर वाजवली असती!” “वाजवली होतीत, सर. तीस वर्षांपूर्वी, अशाच फायनलमध्ये, तुम्ही पंच असताना, माझ्याविरुद्ध. वर म्हणालात, ‘मला नियम शिकवतेस?’” खिशातल्या नियमपुस्तिकेचे झिजलेले पान त्यांच्यापुढे धरले. “मोठ्याने वाचा. तुमच्या मुलींनाही कळू दे.” ते अडखळत वाचू लागले, “ड्रिबल करताना दोन्ही पाय आणि चेंडू रेषेपलीकडे जाईपर्यंत बॅककोर्ट होत नाही...” “सावकाश, सर. पुन्हा पहिल्यापासून.”