दूधआईचं छप्पर

पलीकडच्या वाडीतून धूर निघत होता. तो कशाचा, हे मार्सलीला कुणी सांगायला नको होतं. सरदार टॉर्किलचा हुकूम सकाळीच खोरंभर फिरला होता: लंडनच्या राजाविरुद्ध उठायचंय, घरटी एक माणूस द्या, नाहीतर छप्पर जाळू.

आता तो स्वतःच माणसं घेऊन तिच्या दारात उभा होता. मेल्याला एवढंही कळू नये, की इथं तरी दुसऱ्या कुणाला धाडावं! हिच्याच अंगावर पिऊन तो वाढला होता. हायलँडच्या डोंगरांत सरदारांची पोरं अशीच रयतेच्या घरी वाढायची. हिचा डूगल त्याचा दूधभाऊ. थोरले दोघे मागच्या बंडात गेले ते गेलेच. हा एवढाच उरला होता.

गाय, पिठाची पेटी, घोंगड्या, सगळं तिनं आधीच अंगणात आणून ठेवलं होतं.

"आई, तुला सोडलं तर उद्या एकही माणूस यायचा नाही," टॉर्किल खाली बघत म्हणाला.

"सोड म्हणतंय कोण?"

ती आत गेली, चुलीतलं कोलीत घेऊन आली आणि आपल्याच हातानं वळचणीला लावलं. गवत भडभडून पेटलं. माणसं मागं सरली.

"माणूस नाहीतर छप्पर, तुझाच शब्द," ती म्हणाली. "छप्पर घेतलंस. पोरगा माझा."

सगळ्यांदेखत दिलेला हुकूम. टॉर्किल तो मोडणार कसा, कप्पाळ? त्यानं माणसांना पुढची वाट धरायला सांगितलं. म्हातारीला रडू फुटलं, पण ते सुखाचं होतं. घर काय, पुन्हा बांधता येतं.

डोळे पुसून बघते तर डूगल बापाची जुनी ढाल घेऊन निघालेला, सरदाराच्या दोन पावलं पुढं. तू मोकळा आहेस, घरी राहा, असं टॉर्किलनंच त्याला बजावलं. तो ऐकेना. मार्सलीनं धावत जाऊन त्याची बाही धरली. मग मी घर कशाला जाळलं, हे तिला विचारायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "का रे?"

डूगलनं बाही हळूच सोडवून घेतली.

"आम्हा दोघांना घास भरवताना तूच मला म्हणायचीस ना, आई? 'डूगल, याच्यावर गोळी आली, तर आधी ती तुला लागली पाहिजे.'"