वळसा

मध्यंतराची शिट्टी झाली आणि गोलमागची माणसं वळसा घालायला निघाली. थॉर्नबेक टाऊनच्या मैदानावरची ही जुनी रीत. आपली टीम ज्या गोलवर चाल करणार, त्याच्या मागे उभं राहायचं. पहिला हाफ इकडे, दुसरा तिकडे. पुढे वेनचा पोचे पडलेला ढोल, मागे चहाचे कप सांभाळत दोनशे माणसं.

नॉर्मनही निघाला. चार पावलं गेला, कठडा धरला आणि पुन्हा पायरीवर बसला.

"ऊठ की. जागा जाईल," ग्लेनिस म्हणाली. बेचाळीस वर्षं ती त्याच्या शेजारी उभी राहून मॅच बघत आली होती.

"तू हो पुढे."

"काठी आण म्हणून सांगितलं होतं मी."

"काठी टेकत मॅचला यायला मी काय म्हातारा आहे?" नॉर्मन म्हणाला. तो एक्याऐंशी वर्षांचा होता.

त्यानं गुडघे चोळले, पुन्हा उठून पाहिलं. गुडघे ऐकेनात. ज्या दिवशी हा वळसा जमणार नाही त्या दिवसापासून मॅच बंद, हे तो क्लबच्या बारमध्ये गेली दहा वर्षं सगळ्यांना ऐकवत आला होता. आणि नॉर्मन दिलेला शब्द फिरवणाऱ्यातला नव्हता, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यानं गळ्यातला हिरवा-पांढरा मफलर काढला, नीट घडी घातली आणि ग्लेनिसच्या हातात दिला.

"वेनला दे. ढोलाला बांधेल. मी आता घरी रेडिओवर ऐकत जाईन."

मफलर घेऊन ग्लेनिस गेली.

नॉर्मन एकटाच बसून राहिला. धुकं उतरू लागलं होतं आणि पलीकडचा गोल जेमतेम दिसत होता. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. या क्लबनं सत्तर वर्षांत त्याला एक धड कप दाखवला नव्हता, उलट तीनदा खालच्या लीगमध्ये ढकललं होतं. पण शनिवारी दुपारी जायला एक जागा दिली होती, आणि शेजारी उभी राहायला माणसं. आपल्याला भरपूर मिळालं, असं त्याला मनापासून वाटलं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, पण आता शेजारी कुणीच नव्हतं.

दूरच्या कोपऱ्यावर ढोल थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजू लागला. आधी त्याला वाटलं वारा फिरला असेल, कारण आवाज लांब जायच्या ऐवजी जवळ येत होता. मग धुक्यातून ग्लेनिस दिसली, तिच्यामागे वेन आणि वेनच्या मागे सगळेच.

"काय विसरलात?" नॉर्मननं विचारलं.

"काही नाही. तिकडे गारठा फार आहे," ग्लेनिस म्हणाली.

"आणि इकडे काय, शेगडी पेटवलीय?"

"ढोल जड झालाय रे हल्ली," वेन म्हणाला. ढोलाला मफलर बांधलेला होता.

"माझी कीव करायला आलात ना? मग चालते व्हा."

"तुझी कसली कीव? सरक तिकडे, माझ्या जागेवर बसलायस तू," ग्लेनिस म्हणाली.

नॉर्मन सरकला. "इथून तुम्हाला आपला एकही गोल दिसायचा नाही," तो म्हणाला.

"गेल्या नऊ मॅचमध्ये तिथून तरी कुठे दिसला?" वेन म्हणाला, आणि पायऱ्यांवर हशा पिकला. नॉर्मनही हसला. मग बराच वेळ नाक पुसत राहिला.

दुसरा हाफ सुरू व्हायच्या आधी गॅरेथ खाली मान घालून या गोलकडे पळत आला. गॅरेथ आपला गोलकीपर. आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करतो आणि शनिवारी गोल अडवतो. त्यानं टॉवेल जाळीला अडकवला, मागे वळला आणि दचकला.

"काय झालं? मी काय केलं?" तो कठड्यापाशी आला. "तो मघाचा गोल माझ्यामुळे नाही गेला. विचारा कुणालाही."

"तुझ्यावर लक्ष ठेवायला आलोय. जा, खेळ," ग्लेनिस म्हणाली.

पाऊण तास त्यांना धुक्याशिवाय फारसं काही दिसलं नाही. सत्तराव्या मिनिटाला तिकडून ओरडा ऐकू आला, आणि इकडे गॅरेथनं दोन्ही हात वर करून उडी मारली, तेव्हा कळलं बरोबरी झाली म्हणून. "कुणी घातला?" "आपलाच आहे ना, मग झालं." वेननं ढोल असा बडवला की मफलर सुटून लोंबायला लागला.

मॅच एक-एक अशी सुटली. गॅरेथ टॉवेल घ्यायला आला, पण घेऊन गेला नाही. चिखलानं भरलेले हातमोजे कठड्यावर ठेवून उभा राहिला.

"अकरा वर्षं खेळतोय मी इथे," तो म्हणाला. "माझ्यामागे कधीच कुणी नसतं. नुसत्या रिकाम्या पायऱ्या. आज पहिल्यांदा कुणीतरी होतं." तो जरा घुटमळला. "पुढच्या शनिवारीही इथेच थांबाल का?"

सगळे नॉर्मनकडे बघत होते.

नॉर्मननं ढोलावरून लोंबणारा मफलर सोडवला आणि गळ्याला दोन वेढे दिले.

"पुढच्या शनिवारी मॅच त्यांच्या गावात आहे, गाढवा," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या."