पाठीचा पुठ्ठा

मामांनी चार भाचरांना नव्या घरासाठी जाड पुठ्ठ्यावर जीव ओतून चित्रं रंगवून, फ्रेम करून दिली होती. आता धाकट्या भाचीची पाळी. फ्रेमवाल्याकडे तासभर ठाण मांडून त्यांनी चित्रातल्या आभाळाला शोभेल असा निळा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची कागदी चौकट, निवडला आणि वर बजावलं, “पाठीला पुठ्ठा मजबूत घाला हं!”

फ्रेमवाल्याने माळ्यावरून एक पुठ्ठा ओढून धूळ झटकली. त्यावर मामांचाच सूर्यास्त होता, थोरल्या भाच्याला दिलेला.

“तुमची भाचरं फ्रेममध्ये आपापले फोटो बसवून नेतात, मामा, चित्रं इथेच टाकतात. एवढा दणकट पुठ्ठा विकत मिळत नाही हो!”

मामांनी सूर्यास्तावरची उरलेली धूळ बाहीने पुसली.



“माउंटची खिडकी मात्र जरा मोठी कापतो. धाकट्या ताईंनी फोटोचं माप कालच पाठवलंय.”